संगणकाच्या पोटातला संगणक

बडनेरा असो की अकोल्याचं बाभुळगाव, अभियांत्रिकी कॉलेजातल्या पहिल्या वर्षाच्या पोरांना सी भाषेचं प्रॅक्टिकल कशावर करता असं विचारलं, तर ‘टर्बो सी’ हे नाव हमखास ऐकू येतं. निळा पडदा, त्यावर पिवळी अक्षरं, आणि माउस बाजूला ठेवून कीबोर्डवरच चाललेली खटपट. बोर्लंड कंपनीने टर्बो सी पहिल्यांदा विकायला काढलं ते १९८७ साली, आणि तेही डॉससाठी. या पोरांचे आईबाप तेव्हा शाळेत होते. लॅबमधला संगणक मात्र कालपरवाचा, विंडोज ११ असलेला. टर्बो सीची मूळ फाइल या संगणकावर थेट उघडायला गेलं, तर हा प्रोग्रॅम इथे चालणार नाही, असं विंडोज सरळ सांगून मोकळं होतं. पण लॅब असिस्टंटने डेस्कटॉपवर ठेवलेल्या चिन्हावर क्लिक केलं, की तोच प्रोग्रॅम मुकाट्याने सुरू होतो.

हे कसं होतं? उत्तर पोरांच्या डोळ्यांसमोरच असतं. खिडकीच्या वरच्या पट्टीवर ‘डॉसबॉक्स’ असं लिहिलेलं असतं, त्याच्या शेजारी ‘सीपीयू स्पीड: ३००० सायकल्स’. अख्खं सेमिस्टर ती ओळ समोर दिसते, आणि व्हायव्हात तिच्यावर कुणी प्रश्न विचारत नाही. विचारायला हवा, कारण अभ्यासक्रमातल्या निम्म्या गोष्टी त्या एका ओळीत आहेत.

डॉसबॉक्स हा एक एम्युलेटर आहे. एका संगणकाने दुसऱ्या, बहुधा जुन्या संगणकाची हुबेहूब बतावणी करायची, म्हणजे एम्युलेशन. टर्बो सीला वाटतं की आपण नव्वदच्या दशकातल्या एका पीसीवर आहोत: तोच प्रोसेसर, तीच ६४० केबी मेमरी, तोच पडदा. प्रत्यक्षात तो पीसी कुठेच नसतो. आणि ‘३००० सायकल्स’ म्हणजे या खोट्या प्रोसेसरने एका मिलिसेकंदात सुमारे ३००० आज्ञा पाळायच्या, सेकंदाला तीस लाख. खालचा खरा प्रोसेसर याच्या हजारपट काम करू शकतो, पण त्याला मुद्दाम आवरून धरलेलं असतं. जुने कित्येक प्रोग्रॅम, विशेषतः गेम, प्रोसेसरच्या वेगावरच आपला ताल धरत. वेग मोकळा सोडला तर पडद्यावरची गाडी दिसायच्या आत भिंतीवर आदळेल.

नवा प्रोसेसर जुनं काम का नाकारतो?

इंटेलचा ८०८६ हा प्रोसेसर १९७८ चा. डॉस आणि टर्बो सी त्याच्या १६ बिटी बोलीत लिहिलेले. पुढचे प्रोसेसर ३२ बिटी झाले, तरी त्यांच्यात ८०८६ चं सोंग घ्यायची एक खास सोय ठेवलेली होती. म्हणून विंडोज १० ची ३२ बिटी आवृत्ती असेपर्यंत डॉसचे प्रोग्रॅम थेट उघडता येत. ६४ बिटी रचनेत मात्र, प्रोसेसर ६४ बिटी अवस्थेत असताना ती सोय मिळत नाही, आणि ६४ बिटी विंडोजने ती स्वतः भरूनही काढली नाही. विंडोज ११ तर फक्त ६४ बिटी रूपातच आलं. प्रोसेसर बदलला, बोली तुटली. आता मध्ये कुणीतरी बसवल्याशिवाय गत्यंतर नाही.

मध्ये बसणारा दुभाष्या

मेळघाटात धारणीच्या आठवडी बाजाराची कल्पना करा. कोरकू बोलणारी एक बाई मोहफुलं विकायला आली आहे. घेणारा अमरावतीचा, त्याला मराठीच येते. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, मराठीशी तिचं नातं नाही, त्यामुळे अंदाजाने काही उमगायची सोय नाही. मध्ये एक दुभाष्या बसतो. बाई एक वाक्य बोलते, तो ते मराठीत सांगतो, व्यापारी त्याप्रमाणे करतो. मग पुढचं वाक्य.

सगळ्यात साधा एम्युलेटर असाच चालतो. जुन्या प्रोग्रॅममधली एक आज्ञा उचलायची, तिचा अर्थ लावायचा, नव्या प्रोसेसरकडून ते काम करून घ्यायचं, मग पुढची आज्ञा. बिनचूक, पण संथ. कारण बाईने तेच वाक्य शंभरदा म्हटलं, तर हा दुभाष्या शंभरदा नव्याने विचार करतो.

आणि संगणकाचे प्रोग्रॅम तेच वाक्य शंभरदा म्हणतातच. एक ते शंभर या आकड्यांची बेरीज करणारं लूप घ्या, पहिल्याच महिन्यात शिकवतात ते. प्रोसेसरच्या पातळीवर त्यात मोजून तीन आज्ञा: आकडा बेरजेत मिळव, आकडा एकने कमी कर, शून्य झाला नसेल तर पुन्हा वर जा. शंभर फेऱ्यांत तीनशे आज्ञा पाळल्या जातात, पण वेगळी वाक्यं तीनच.

हुशार दुभाष्या काय करील? पहिल्यांदा ऐकलं तेव्हाच तीनही वाक्यांचं मराठी वहीत लिहून ठेवील, आणि पुढच्या नव्व्याण्णव वेळा व्यापाऱ्यापुढे नुसती वही सरकवील. या पद्धतीला डायनॅमिक ट्रान्सलेशन म्हणतात, म्हणजे प्रोग्रॅम चालू असतानाच, लागेल तेवढाच भाग भाषांतरित करून साठवणं. याच पद्धतीवर उभं राहिलेलं, आज जगभर वापरलं जाणारं मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे ‘क्यूएमू’. फाब्रीस बेलार या फ्रेंच प्रोग्रॅमरने ते २००३ मध्ये लिहायला घेतलं. हा गृहस्थ विलक्षण आहे. आपण मोबाइलवर पाहतो त्या व्हिडिओंमागे कुठे ना कुठे असणारं ‘एफएफएमपेग’ हे सॉफ्टवेअरही मूळचं त्याचंच. २००९ मध्ये त्याने घरगुती संगणकावर पायचे सुमारे २.७ लाख कोटी अंक काढून विक्रम केला होता.

वहीतली कारागिरी

वहीत एका वेळी किती लिहायचं? क्यूएमू आज्ञा वाचत जातो आणि ‘इथून तिकडे जा’ अशी उडीची आज्ञा आली की थांबतो. तिथपर्यंतच्या तुकड्याला ब्लॉक म्हणू. एका ब्लॉकचं भाषांतर झालं की ते मेमरीत ठेवलं जातं. एका ब्लॉकनंतर दुसरा नेहमीच येतो असं दिसलं, तर पहिल्याच्या शेवटी दुसऱ्याचा पत्ता कोरला जातो. मग दर खेपेला दुभाष्याला विचारायलाही लागत नाही, वहीचं एक पान आपसूक दुसऱ्या पानावर नेतं. वही भरली तर? क्यूएमू ती सरळ कोरी करतो आणि पुन्हा लिहायला लागतो. कुठलं पान जुनं, कुठलं कामाचं, याचा हिशोब ठेवत बसण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

यापुढची एक गोष्ट मला फार आवडते. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये साधी बेरीज केली तरी निकालाबरोबर सहा खुणा बदलतात: उत्तर शून्य आलं का, हातचा उरला का, उत्तर ऋण आहे का, वगैरे. यांना फ्लॅग म्हणतात. ८०८५ चं प्रॅक्टिकल केलेल्यांना ते आठवत असतील. प्रामाणिक एम्युलेटरने प्रत्येक बेरजेनंतर सहाही खुणा काढायला हव्यात. पण एका बेरजेच्या खुणा कुणी बघण्याआधीच पुढची बेरीज त्या पुसून टाकते, असंच बहुतेकदा होतं. म्हणून क्यूएमू खुणा काढतच नाही. शेवटचं गणित कोणतं होतं आणि त्यातल्या संख्या कोणत्या, एवढंच तो लिहून ठेवतो. ‘शून्य आलं का?’ असं एखाद्या आज्ञेने खरोखर विचारलं, की तेव्हाच त्यावरून उत्तर काढून देतो. बरेच कष्ट असे टळतात आणि प्रोग्रॅमला फरक कळत नाही.

आता मेळघाटात कोरकूबरोबर गोंडी आणि निहालीही बोलली जाते असं धरा, आणि घेणारे हिंदी, तेलुगू, गुजराती असे अनेक. प्रत्येक जोडीला वेगळा दुभाष्या ठेवायचा तर नऊ लागतील. त्याऐवजी सगळ्यांचं आधी मराठीत आणि मराठीतून ज्याच्या त्याच्या भाषेत केलं, तर सहा जणांत भागतं. भाषा वाढतील तसा हा फरक फार मोठा होतो, आणि क्यूएमू तर डझनाहून जास्त प्रोसेसरांच्या बोली जाणतो. त्याची अशी मधली भाषा आहे, तिला ‘टाइनी कोड जनरेटर’, थोडक्यात टीसीजी म्हणतात. ती पहिल्यापासून नव्हती. सुरुवातीला बेलारने एक चतुर पण नाजूक युक्ती केली होती: भाषांतराचे तयार तुकडे जीसीसी या कंपायलरकडून बनवून घ्यायचे आणि ते एकापुढे एक जोडायचे. जीसीसीची चौथी आवृत्ती आली, तिने तुकडे वेगळ्या ढंगाने बनवायला सुरुवात केली आणि युक्ती फसली. २००९ मधल्या ०.१० या आवृत्तीत टीसीजी आलं, आणि क्यूएमू त्या परावलंबनातून सुटला.

चार हात, पण एकच राबता

२०१७ पर्यंत या पद्धतीत एक मोठी उणीव होती. आत चार कोअरचा प्रोसेसर आहे असं सोंग घेतलं, तरी बाहेर खऱ्या प्रोसेसरचा एकच कोअर राबत असे आणि आतल्या चौघांना आळीपाळीने वेळ देत असे. एप्रिल २०१७ च्या २.९ या आवृत्तीने ही रांग मोडली. आतल्या प्रत्येक कोअरला बाहेर स्वतंत्र धागा मिळाला.

वाचायला सोपं, करायला महाकठीण. दोन कोअर एकाच मेमरीत लिहितात तेव्हा कुणाचं लिहिलेलं कुणाला कधी दिसेल, याचे नियम प्रत्येक प्रोसेसरचे वेगळे आहेत. इंटेलचे कडक, एआरएमचे सैल. सैल नियमांत वाढलेला एआरएमचा प्रोग्रॅम इंटेलवर आणला तर तो सुखाने राहतो, त्याला मागितलं त्याहून जास्त शिस्त मिळते. उलट, कडक शिस्त गृहीत धरून लिहिलेला इंटेलचा प्रोग्रॅम एआरएमवर आणला तर जागोजागी ‘थांब, आधीचं लिहून पुरं होऊ दे’ अशा आज्ञा घालाव्या लागतात आणि वेग जातो. म्हणून २०१७ मध्ये ही सोय सगळ्या जोड्यांना एकदम मिळाली नाही, टप्प्याटप्प्याने मिळत गेली.

दोघंही मराठीच बोलत असतील तर?

मग दुभाष्या कशाला? इंटेलच्या संगणकावर इंटेलचाच संगणक उभा करायचा असेल, तर भाषांतराची गरजच उरत नाही. आतल्या आज्ञा थेट खऱ्या प्रोसेसरला द्यायच्या आणि पैसे, पावती, अंगठा अशा मोक्याच्या वेळीच मधल्या माणसाने उठायचं. हे काम लिनक्समध्ये केव्हीएम नावाचा भाग करतो. तो फेब्रुवारी २००७ मध्ये लिनक्समध्ये सामील झाला. केव्हीएम प्रोसेसर सांभाळतो आणि बाकीची यंत्रसामग्री, म्हणजे डिस्क, नेटवर्क कार्ड, पडदा, क्यूएमू पुरवतो. जगातल्या अनेक क्लाउड सर्व्हरांत हीच जोडी राबते. ॲप बनवायला शिकणारी अमरावतीची मुलं लॅपटॉपवर जो अँड्रॉइडचा खोटा मोबाइल उघडतात, तोही क्यूएमूवरच बांधलेला आहे. तो रखडत असेल तर बहुधा आतल्या आज्ञा थेट चालवू देणारी प्रोसेसरची सोय बायोसमध्ये बंद असते आणि बिचारा दुभाष्या एकटाच ओझं वाहत असतो.

चौकट: तीन शब्द, तीन अर्थ
सिम्युलेटर यंत्राचं वागणं समजावून देण्यापुरतं दाखवतो. ८०८५ चे रजिस्टर पडद्यावर दाखवणारा प्रोग्रॅम हा सिम्युलेटर. एम्युलेटर यंत्राची जागाच घेतो. त्यावर मूळ यंत्राचं सॉफ्टवेअर न बदलता चालतं. व्हर्च्युअल मशीन म्हणजे आत उभा राहिलेला तो संगणक. प्रोसेसर खरा वापरलेला असो की भाषांतरित, आतल्या सॉफ्टवेअरला फरक पडू नये.

प्रोसेसर एवढाच संगणक नसतो

विंडोज ९८ सुरू होताना आधी आजूबाजूला बघतं: डिस्क कुठली, साउंड कार्ड कुठलं, नेटवर्क कार्ड कुठलं. त्या काळी होती तीच कार्डं त्याला ओळखता येतात. म्हणून क्यूएमूमध्ये साउंड ब्लास्टर १६ आहे, सिरस लॉजिकचं पडद्याचं कार्ड आहे, रिअलटेकचं जुनं नेटवर्क कार्ड आहे. आजही क्यूएमूला ‘एक साधा पीसी दे’ म्हटलं, की तो इंटेलच्या ४४०एफएक्स या १९९६ च्या चिपसेटचा मदरबोर्ड हजर करतो.

कार्डाची बतावणी म्हणजे नेमकं काय? आतला प्रोग्रॅम एका ठरलेल्या पत्त्यावर आकडा लिहितो. खऱ्या यंत्रात तो आकडा तारांतून कार्डापर्यंत जाऊन मोटर फिरवतो किंवा आवाज काढतो. इथे क्यूएमू तो आकडा मध्येच पकडतो, त्या कार्डाने काय केलं असतं ते आपल्या मनाशी करतो, आणि तसंच उत्तर परत देतो. फ्लॉपीच्या कंट्रोलरला ‘ट्रॅक १२ वाच’ म्हटलं, तर फिरणारी तबकडी कुठेच नसते. हार्ड डिस्कवरच्या एका फाइलचा ठरावीक भाग वाचला जातो आणि ‘वाचून झालं’ असा निरोप येतो. हे फार बारकाईचं काम आहे. कार्डाच्या पुस्तिकेत एक लिहिलेलं असतं, खरं कार्ड थोडं वेगळं वागतं, आणि जुना ड्रायव्हर त्या वेगळ्या वागण्यावरच विसंबलेला असतो.

फ्लॉपी कुणी वापरत नाही, मग ती काढून का टाकत नाहीत? मे २०१५ मध्ये हा प्रश्न जगभर विचारला गेला. क्यूएमूच्या फ्लॉपी कंट्रोलरमध्ये ‘व्हेनम’ या नावाने गाजलेली एक त्रुटी सापडली. आलेल्या आज्ञा साठवायला तिथे ५१२ बाइटची जागा होती, पण काही आज्ञांनंतर मोजणी शून्यावर परत येत नसे. बदमाश प्रोग्रॅम लिहीत गेला की जागा संपून पुढच्या मेमरीवर अतिक्रमण होई, आणि आतल्या खोट्या संगणकातून बाहेरच्या खऱ्या सर्व्हरमध्ये शिरायची फट तयार होई. त्रुटी २००४ पासून तिथे होती. ग्राहकाने फ्लॉपी जोडलेली नसली तरी कंट्रोलर मदरबोर्डवर असतोच, त्यामुळे असंख्य सर्व्हर घाईघाईने दुरुस्त करावे लागले.

आता अलीकडच्या आवृत्त्यांतला एक बदल पाहा. डिसेंबर २०२४ च्या ९.२ आवृत्तीत क्यूएमूमध्ये प्रायोगिक पातळीवर रस्ट ही भाषा आली. क्यूएमू सी भाषेत आहे, आणि सीमध्ये ॲरेच्या बाहेर लिहू नकोस असं कुणी बजावत नाही. टर्बो सीवर ‘ए ऑफ टेन’ लिहून गंमत बघितलेल्यांना हे ठाऊक आहे. रस्ट हे अतिक्रमण मुळातच अडवते. रस्टमध्ये पहिल्यांदा उतरवलं गेलं ते एआरएम बोर्डावरचं साधं सिरियल पोर्ट. यात बातमीला काही मसाला नाही, पण येत्या दहा वर्षांच्या दृष्टीने मला हा सगळ्यात मोठा बदल वाटतो.

दर वर्षी तीन

क्यूएमूच्या वर्षाला साधारण तीन आवृत्त्या येतात: एप्रिल, ऑगस्ट, डिसेंबर. २०१९ पासून वर्षातल्या पहिल्या आवृत्तीला नवा पूर्णांक मिळतो. एप्रिल २०२४ ची ९.०, एप्रिल २०२५ ची १०.०. पूर्णांक बदलला म्हणून काही क्रांती झाली असं समजू नये, वर्ष बदललं एवढंच.

भर काय पडते, तर मुख्यतः नवी यंत्रं. ९.० मध्ये रास्पबेरी पाय ४ आला. म्हणजे ते छोटं बोर्ड विकत न घेता त्याच्यासाठी लिहिलेला प्रोग्रॅम लॅपटॉपवर बराचसा तपासता येतो. त्याआधी, २०२१ मध्ये, आपल्या देशातलं एक यंत्र या यादीत गेलं. आयआयटी मद्रासचा ‘शक्ती’ हा मुक्त रचनेचा प्रोसेसर. त्याच्या सी-वर्गाचं बोर्ड क्यूएमूमध्ये ‘शक्ती_सी’ या नावाने आहे. शेगाव-अकोल्याच्या विद्यार्थ्याला शक्तीची चिप हाताळायला कुठे मिळणार? पण त्याचा कोड चालवून बघायला लॅपटॉप पुरतो. आयआयटी मुंबईत ऑपरेटिंग सिस्टीम शिकवताना एक्सव्ही६ ही चिमुकली प्रणाली वापरतात, तीही क्यूएमूवरच चालते. मुलांनी कर्नल बिघडवला तर खिडकी बंद करायची आणि पुन्हा उघडायची. खरं यंत्र सुखरूप.

दुसरी भर खोट्या यंत्रांची, म्हणजे बाजारात कधीच नव्हती अशा उपकरणांची. खऱ्या कार्डाचे सगळे नखरे हुबेहूब वठवत बसण्यापेक्षा, आपण आत आहोत हे ठाऊक असलेल्या आजच्या प्रणालीसाठी एक सरळसोट कार्डच कल्पून काढलं तर? या घराण्याला व्हर्टआयओ म्हणतात. त्यात डिस्क आणि नेटवर्क होतंच, डिसेंबर २०२३ च्या ८.२ मध्ये आवाजही आला. विंडोज ९८ ला याचा काही उपयोग नाही. त्याला साउंड ब्लास्टरच लागतं.

न बदलण्याचे कष्ट

बदलांची यादी वाचून वाटतं की नवी आवृत्ती म्हणजे नव्या गोष्टी. क्यूएमू वापरणाऱ्या कंपन्यांना मात्र उलटीच काळजी असते: आधीचं हललं तर नाही ना?

समजा, एका सर्व्हरवर आत एक संगणक चालू आहे, त्यात एखाद्या बँकेचं काम सुरू आहे. त्याला बंद न करता, चालत्या अवस्थेत दुसऱ्या सर्व्हरवर हलवायचं आहे. मेमरी, रजिस्टर, खोट्या नेटवर्क कार्डाच्या पोटातला अर्धवट निरोप, सगळं उचलून तिकडे मांडायचं. तिकडे क्यूएमूची नवी आवृत्ती असेल आणि तिने त्या कार्डात एक खाना जरी वाढवला असेल, तर मांडणी जुळणार नाही. म्हणून दर आवृत्तीत त्या दिवशीचा मदरबोर्ड गोठवून ठेवतात आणि त्यावर आवृत्तीचा आकडा टाकतात. ९.० चा पीसी, ८.२ चा पीसी, ७.१ चा पीसी, असे सगळे एकाच सॉफ्टवेअरमध्ये शेजारी शेजारी उभे असतात. पुढे सापडलेल्या चुकाही जुन्या पीसीत कधीकधी तशाच ठेवाव्या लागतात, कारण आतलं सॉफ्टवेअर त्या चुकीला सरावलेलं असतं.

ही अडगळ वाढतच जाते. २०२४ च्या ९.१ आवृत्तीपासून तिला मुदत ठरवली गेली: आकडा लावलेला मदरबोर्ड तीन वर्षांनी ‘आता जुना’ म्हणून जाहीर होतो आणि सहा वर्षांनी काढला जातो. बाकीच्या गोष्टींना नोटीस दोन आवृत्त्यांची. निओस-टू नावाचा प्रोसेसर ९.१ मध्ये गेला, क्रिस नावाचा ९.२ मध्ये. ज्यांची ऑपरेटिंग सिस्टीम आणि कंपायलर सांभाळणारी माणसं पांगली, त्यांचं एम्युलेशन तपासायचं तरी कशावर?

यातली एक सूचना आपल्याकडच्या लहान गावांच्या लॅबला लागू पडते. ३२ बिटी इंटेल संगणकावर क्यूएमूने आख्खा संगणक उभा करायची सोय एप्रिल २०२३ च्या ८.० मध्ये निवृत्तीच्या यादीत टाकली गेली. म्हणजे जुन्या ३२ बिटी पीसीचं सोंग क्यूएमू हौसेने घेईल, पण स्वतः त्या जुन्या पीसीवर बसायला तो आता राजी नाही.

लग्नपत्रिका आणि डोंगल

अकोल्यात माझ्या ओळखीचा एक छापखाना आहे. मालकांनी नवा संगणक घेतला आणि पंधरा-वीस वर्षांच्या लग्नपत्रिकांच्या फाइली उघडेनात. “कम्प्युटर नवा घेतला अन् कामच बंद पडलं ना भाऊ,” ते म्हणाले. फाइली पेजमेकरच्या, मराठी फॉन्ट त्या काळच्या एका पॅकेजचे, जे संगणकाच्या पाठीमागे एक डोंगल, म्हणजे हार्डवेअरची किल्ली, लावल्याशिवाय उघडत नाही.

अशा ठिकाणी एम्युलेटर खरा उपयोगी पडतो. जुनी हार्ड डिस्क मरायच्या आत तिची जशीच्या तशी नक्कल एका फाइलमध्ये काढायची, क्यूएमूला ती डिस्क म्हणून द्यायची, आणि १९९६ चा मदरबोर्ड मागायचा. जुनं विंडोज जागं होतं, दोन-चार ड्रायव्हर मागतं आणि चालू लागतं. नकलेवर आणखी एक पातळ थर ठेवता येतो, म्हणजे दिवसभराचे बदल त्या थरात जातात आणि मूळ नक्कल अस्पर्श राहते. व्हायरस आला तर थर फेकून द्यायचा. डोंगल यूएसबीचं असेल तर ते बाहेरच्या संगणकाला लावून आतल्याच्या हवाली करता येतं. जुन्या प्रिंटर पोर्टचं असेल तर मात्र तसं पोर्ट असलेला संगणक आधी शोधावा लागतो. आत विंडोज एक्सपी असेल तर त्याला इंटरनेट देऊ नये, हेही इथेच सांगतो. त्याच्या सुरक्षेचे हप्ते एप्रिल २०१४ मध्येच थांबले.

पण त्याहून मागे गेलं की वाट खुंटते. पुण्याच्या सीडॅकने डॉसच्या काळात ‘जिस्ट’ नावाचं कार्ड काढलं होतं. ते संगणकाच्या स्लॉटमध्ये बसवलं की डीबेस, वर्डस्टार अशा मूळ इंग्रजी प्रोग्रॅममध्ये थेट मराठी टाइप करता येई आणि पडद्यावर देवनागरी दिसे. प्रोग्रॅमला पत्ता नसे. तो आपल्या समजुतीने बाइट पाठवी आणि कार्ड त्यांची अक्षरं जुळवून दाखवी. त्या बाइटांचा तक्ता पुढे इस्की या नावाने १९९१ मध्ये भारतीय मानक झाला, त्यामुळे त्या फाइलींतला मजकूर आज युनिकोडमध्ये आणता येतो. पण तो डीबेसचा प्रोग्रॅम, त्याचे तक्ते, त्याचे पडदे जसे दिसत तसे बघायचे असतील तर क्यूएमूमध्ये साउंड ब्लास्टर मिळेल, जिस्ट कार्ड मिळणार नाही. ते कुणी लिहिलेलंच नाही. शक्तीचं बोर्ड काहीशे ओळींत बसलं, कारण त्याची रचना खुली होती आणि लिहिणाऱ्याला प्रत्येक पत्ता ठाऊक होता. जिस्टसाठी आधी कुठल्या तरी कार्यालयाच्या अडगळीतलं चालू कार्ड लागेल, त्याच्या रजिस्टरांची पुस्तिका लागेल, आणि ते दोन्ही समोर ठेवून रात्री जागवणारा एक प्रोग्रॅमर लागेल.